परेरांच्या गॅरेजातली रिकामी खाट

आमच्या भागातला पहिला वैमानिक माझ्यामुळे झाला, असं मुरबाड-शहापुरात अजूनही सांगतात. या अंकाच्या संपादकांनीसुद्धा पत्रात तेच लिहिलं होतं, "भास्करला तुम्ही वैमानिक कसं केलंत, त्याची हकिगत द्या." हकिगत देतो. फक्त ती आजवर सांगितली गेली तशी नाही. मी त्याला वैमानिक केलं नाही. तो होता होता एकदा मीच त्याला अडवलं होतं, आणि तेही खोटं बोलून. माझं वय आता असं आहे की हे लिहायला पुढचा अंक मिळेलच असं नाही.

मी हायस्कूलात गणित आणि भूगोल शिकवत असे, आधी मुरबाडला आणि नंतर त्याच संस्थेच्या शहापूरच्या शाळेत. पण पगारात न धरलेलं एक काम मला आपोआप चिकटलं होतं. मॅट्रिकचा निकाल लागला की पालक माझ्या ओट्यावर येऊन बसत. "मास्तर, पोराला पुढं कुठं घालू?" मी अर्ज लिहायचो, दाखले गोळा करायचो, मुलाला घेऊन शहरात जायचो आणि शिकायची व राहायची सोय लावून परत यायचो. गंमत म्हणजे यात शिकायची सोय सोपी असते, राहायची अवघड.

हे मी ठेच खाऊन शिकलो होतो. किन्हवलीचा एक मुलगा नाशिकला छपाईचं काम शिकायला ठेवला. काम उत्तम, मालक सज्जन. दहाव्या दिवशी पोरगा घाट उतरून चालत घरी हजर!

"काय रे, मारलं का कुणी?"

"नाय मास्तर. दोन्ही टायमाला बाजरीची भाकर. भात फकस्त रविवारी."

भातावर वाढलेली आमची माणसं. वाशिंदच्या एका मुलीला नर्सिंगला ठेवायला गेलो, तर तिची आई तडक वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात शिरली, पातेल्यातलं शीत दोन बोटांत चेपून पाहिलं आणि म्हणाली, "ऱ्हाईल पोर." ती मुलगी पुढं मेट्रन होऊन निवृत्त झाली. मी तेव्हापासून नियमच केला: आधी भात, मग पाठ. अगोदर आपल्या माणसांजवळ खोली बघायची, मग खोलीजवळचा वर्ग. या नियमावर मी कितीतरी पोरं मार्गी लावली, आणि मला त्याचा गर्व होता.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. धसईकडचा भास्कर एका चैत्रातल्या सकाळी माझ्याकडे आला. मुरबाडला माझ्याच हाताखाली शिकलेला, मग कल्याणला इंटरपर्यंत गेलेला, उंच, कमी बोलणारा. त्यानं पिशवीतून एक छापील कागद काढून माझ्यापुढं धरला. सरकार काही निवडक मुलांना विमान चालवायच्या शिक्षणासाठी मदत देणार होतं. त्यानं मला न विचारता अर्ज केला होता, चाचणी दिली होती आणि त्याचं नाव निवडलं गेलं होतं!

मी तो कागद तीनदा वाचला. मग घरात ओरडलो, "अगं, आपला भास्कर विमान चालवणार!" बायको पिठाच्या हातांनी बाहेर आली. शेजारचे आले. कुणीतरी विचारलं, "म्हंजे नुसता आत बसणार का पुढं बसून हाकणार?" भास्कर हसत होता. माझंच अंग तापल्यासारखं झालं होतं. बैलगाडीच्या चाकोरीतून चालत शाळेत आलेला मुलगा आणि विमान!

अट एकच होती. लेखी परीक्षा दोन प्रयत्नांत पास व्हायची. नाहीतर मदत बंद. वैमानिकाचं अर्धं शिक्षण जमिनीवर होतं, हे मलाही तेव्हाच कळलं. विमान चालवायला फ्लाइंग क्लब शिकवतो. पण वाट कशी काढायची, ढग कसे ओळखायचे, इंजिन कसं चालतं, आकाशातले कायदे काय, हे सगळं पुस्तकात शिकावं लागतं. त्याचे वेगळे खासगी वर्ग असतात आणि ते ज्याचे त्यानं शोधायचे. म्हणजे माझंच काम!

दोघं मुंबईला गेलो. पहिला वर्ग दादरला, दुसऱ्या मजल्यावर. सोनेरी अक्षरांची पाटी, भिंतीवर टाय लावलेल्या विद्यार्थ्यांचे फोटो, पंख्याखाली बाकं. चालकांनी आम्हाला चहा दिला आणि टंकलिखित प्रश्नोत्तरांची जाडजूड चळत दाखवली. "एवढं पाठ केलं की झालं. वर्ग वर्षभर चालू असतो. कधीही या." तिथून जवळच, लालबागला, धसईकडच्या गिरणी कामगारांची गावाची खोली होती. खोलीत गावातलाच माणूस शिजवणार, भात दोन्ही वेळा. माझ्या नियमाप्रमाणे तिथंच काम संपलं होतं.

पण भास्करकडे आणखी एक पत्ता होता. चाचणीच्या वेळी विमानतळावर एका मेकॅनिकनं त्याला कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून दिलेला. "बघून तर येऊ, मास्तर."

जुहूला विमानतळाच्या मागं नारळाच्या वाडीत एक बैठं घर होतं. घरामागं गॅरेज. गॅरेजात मोटार नव्हतीच. एक लांब टेबल, त्यावर नकाशे, काळा फळा, आणि चड्डी-बनियनवर बसलेला एक पिकल्या मिशांचा माणूस. हे परेरा साहेब. मूळचे वसईकडचे, लढाईच्या काळात विमानात नेव्हिगेटर, म्हणजे वाट दाखवणारे. एका वेळी पाचच मुलं घ्यायचे. मी आमची ओळख करून द्यायला लागलो, तर त्यांनी हातानं मला थांबवलं आणि भास्करपुढं खडू टाकला.

"हे बघ. तुला सरळ उत्तरेला जायचंय. वारा पश्चिमेकडून, डाव्या बाजूनं मारतोय. विमानाचं नाक कुठं ठेवशील?"

मी मनात त्रिकोण मांडायला लागलो. भास्कर लगेच म्हणाला, "डावीकडं. वाऱ्याच्या अंगाला."

"कुणी शिकवलं?"

"कुणी नाय. आमी पावसात काळू नदी ओलांडतो ना साहेब, तसंच हाय. समोरच्या आंब्यापाशी लागायचं असलं, तर तोंड आंब्याकडं ठेवून चालत नाय. वरच्या अंगाच्या उंबराकडं बघून पोहायचं. पाणी आपल्याला खाली ओढतं आनि बरोबर आंब्याला आणून सोडतं."

परेरा उठून उभे राहिले. "आणि किती वर बघायचं? कसं कळतं?"

"पाण्याच्या जोरावर हाय. आदी एक काडी टाकायची. ती कशी धावते ते बघायचं."

"काडी!" परेरांनी टेबलावर अशी थाप मारली की पट्ट्या उडाल्या. "अरे, आम्ही समुद्रावर धुराचे डबे टाकायचो! वरून बघायचं धूर कुठं सरकतो, त्यावरून वारा काढायचा. तुझी काडी आणि माझा डबा एकच रे!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय मास्तर, हे पोरगं कुठं लपवून ठेवलं होतंत?"

पुढचा तासभर ते दोघं फळ्यावर रेघा मारत होते आणि मी गणिताचा शिक्षक कोपऱ्यात उभा राहून बघत होतो. माझ्या वर्गात चार वर्षं बसलेला मुलगा! त्याच्या डोक्यात नदी आहे हे मला माहीतच नव्हतं. त्या तासाइतका आनंद मला माझ्या स्वतःच्या वर्गात क्वचित झाला असेल.

राहायचं कुठं, असं मी विचारलं. परेरांनी वर बोट केलं. गॅरेजाच्या माळ्यावर खाटा होत्या, शेजारच्या कोळीणबाई जेवण देत. माळ्याचे पत्रे गळके, डोक्यावरून विमानांचा धडाका, आणि आपलं माणूस जवळपास एकही नाही. आणि वर्ग? "पावसात आमची छोटी विमानं फारशी उडत नाहीत. म्हणून मी पावसातच शिकवतो. जूनला सुरू, श्रावण संपला की खलास. मधे आलेला मुलगा घेत नाही. विचार करून तुम्हाला कार्ड टाकतो."

परत येताना भास्कर एसटीत खिडकीशी बसून हातानं विमान करत होता. "मास्तर, त्यांनी घेतलं तर?" मी म्हटलं, "बघू."

आता माझ्या मनात काय चाललं होतं ते लिहितो. जून ते श्रावण म्हणजे आमच्याकडे भाताची लावणी. तेव्हा शाळेत अर्धी बाकं रिकामी असत. आम्ही हजेरीत कानाडोळा करायचो. कुणबी घरातला हाताशी आलेला मुलगा लावणी सोडून जातो, हे मी कधी पाहिलं नव्हतं. भास्करचे वडील गुडघ्यांनी थकलेले. थोरला भाऊ कल्याणच्या कारखान्यात, रविवारपुरता घरी. शेत सगळं वहिनीच्या, शेवंतीबाईच्या अंगावर. अशा घराला मी कोणत्या तोंडानं सांगू की ऐन चिखलणीत पोरगा द्या? शिवाय गळका माळा, परकी माणसं. आणि दादरचा वर्ग तर कधीही घ्यायला तयार होता.

आठवड्यानं परेरांचं कार्ड शाळेच्या पत्त्यावर आलं. अक्षर मोठं, मजकूर मोजका. "मुलगा पाठवा. जूनचा पहिला सोमवार. माळ्यावर एक खाट त्याच्यासाठी रिकामी ठेवतो. बऱ्याच वर्षांत असा विद्यार्थी भेटला नाही."

मी ते कार्ड खिशात घातलं. भास्करला सरळ म्हणालो असतो की लावणीमुळे दादरला जा, तर त्यानं ऐकलं नसतं. तो त्या गॅरेजावर जीव टाकून बसला होता. म्हणून दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी म्हणालो, "परेरा साहेबांनी नको कळवलंय. म्हणतात, मुलाचा पाया कच्चा आहे."

त्याचा चेहरा मला अजून दिसतो. त्यानं एकदाच विचारलं, "पाया म्हंजे गणिताचा?" मी म्हणालो, "असेल." आणि मी त्याचाच गणिताचा शिक्षक!

लावणी उरकून तो दादरला गेला. लालबागच्या खोलीत अकरा माणसं, तीन पाळ्यांत कामाला जाणारी. एक उठला की दुसरा त्याच वळकटीवर आडवा होणार. दिवा कधी लावायचा आणि कधी मालवायचा यावरून रोज भांडण. भास्कर जिन्याच्या पायरीवर बसून प्रश्नोत्तरं पाठ करायचा. भात मात्र दोन्ही वेळा मिळत होता.

तो नापास झाला. परीक्षेत प्रश्न थोडे फिरवून आले, आणि पाठ केलेलं कामाला आलं नाही. वाट काढण्याच्या विषयात, ज्या विषयावर परेरांनी टेबल बडवलं होतं, त्यात त्याला सर्वांत कमी गुण पडले. मी नंतर त्याला विचारलं, नदी आठवली नाही का? तो म्हणाला, "आठवली. पन साहेबांनी पाया कच्चा म्हटलं ना. मला वाटलं, नदीचं आपलं अडान्याचं गनित असणार. म्हणून पाठ केलेलंच लिवलं."

मुरबाडच्या एसटी स्टँडवर पोरं त्याला हाक मारायची, "काय रे भास्कर, इमान कुठं उतरलं? भातात का तलावात?" तो मान खाली घालून जायचा. स्टाफरूममध्ये हेडमास्तरांनी विषय काढला, तर मी म्हणालो, "पाया कच्चा होता हो त्याचा." माझंच खोटं मला खरं वाटायला लागलं होतं. आता एकच प्रयत्न उरला होता.

पुढच्या वैशाखात एका सकाळी शेवंतीबाई माझ्या दारात उभी राहिली. तोवर मी तिला लांबूनच पाहिलं होतं. पायांना प्रवासाची धूळ, हातात तोच सरकारी कागद. ओट्यावर बस म्हटलं तर बसली नाही.

"मास्तर, मी काल जुहूला जाऊन आली. भास्करला घेऊन."

मी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"तो वरीसभर नीट जेवत नाय. मी म्हटलं, चल रे, त्या म्हाताऱ्यालाच विचारू, आमच्या पोराचा पाया कुठं कच्चा हाय तो दाखव. तर म्हातारा माझ्यावरच भडकला. म्हणाला, बाई, मी कार्ड टाकलं होतं! खाट पाऊसभर रिकामी ठेवली, दुसरा पोर घेतला नाय."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. बायको ऐकत होती.

"शेवंतीबाई, मला वाटलं..."

"काय वाटलं ते मी विचारायला नाय आली." तिनं कागद पुढं केला. "दुसऱ्या टायमाला शाळेची सही लागते. मुदत परवापावतर हाय. करा."

मी सही केली. तिनं कागद नीट घडी करून कनवटीला लावला आणि जाता जाता म्हणाली, "गावात याचा बोभाटा करू नका. मास्तर खोटं बोलला असं झालं, तर लोकं पोरींना आदीच शाळेत धाडत नायत, मग पोरांनाबी धाडायची नायत."

ती असं म्हणाली म्हणून मी गप्प राहिलो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे तिनं मला लपायला जागा दिली, आणि मला ती हवीच होती.

त्या जूनच्या पहिल्या सोमवारी भास्कर परेरांच्या माळ्यावर राहायला गेला. श्रावणात मी न सांगता एकदा जुहूला जाऊन आलो. परेरांना तोंड दाखवायची हिंमत नव्हती. वाडीच्या कुंपणापाशी छत्री धरून उभा राहिलो. पत्र्यावर पाऊस बडवत होता, गॅरेजाच्या दारात पाच डोकी नकाशावर वाकलेली, आणि भास्कर हात हलवून बाकीच्या चौघांना काहीतरी समजावत होता. परेरा मागं बसून ऐकत होते. मी पंधरा मिनिटं भिजलो आणि परत आलो. बायकोला म्हणालो, "पास होणार." शेवंतीबाई आली त्या सकाळनंतर या विषयावर ती माझ्याशी फारसं बोलतच नसे.

तो पास झाला! सगळ्या विषयांत! निकाल कळला तेव्हा मी वर्गात भूमितीचा सिद्धांत शिकवत होतो. हेडमास्तर स्वतः दाराशी आले, आणि मी हातातला डस्टर वर उडवला. पोरांना वाटलं सुट्टी मिळाली.

पुढच्या हिवाळ्यात तो लांब पल्ल्याची सरावाची उड्डाणं करू लागला. मुंबईहून रेल्वेचा रूळ धरून नाशिककडे जायचं आणि परत यायचं. तोवर माझी शहापूरला बदली झाली होती. एका दुपारी माहुलीच्या डोंगराकडून बारीक घरघर ऐकू आली. छोटं पिवळं विमान डोंगराच्या अलीकडून वळलं आणि शाळेच्या अंगानं येऊ लागलं. कुणीतरी ओरडलं, "आपला भास्कर!" मग काय विचारता! सगळी शाळा पटांगणात. शिपाई घंटा बडवतोय, मुली कौलांच्या सावलीतून बाहेर धावल्यात, शेजारच्या खळ्यावर भात झोडणारी माणसं हातातले भारे टाकून वर बघतायत. विमानानं दोन्ही पंख हलवले, एकदा डावा, एकदा उजवा. मी तर वेड्यासारखा टोपी फिरवत धावत होतो. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एवढा आनंद आयुष्यात पुन्हा झाला नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन.

पोरांनी मला उचललं. "मास्तरांनी केला! मास्तरांनी केला!" मी खांद्यांवरून हात हलवला. खाली उतरल्यावर नाही म्हणता आलं असतं. त्यानंतर सत्कारात, स्नेहसंमेलनात, निवृत्तीच्या समारंभात, दर वेळी म्हणता आलं असतं.

भास्करनं मला कधी विचारलं नाही. गावी आला की वाकून नमस्कार करायचा. एकदाच, तो मोठी विमानं चालवायला लागल्यावर, चहा पिता पिता म्हणाला, "मास्तर, ते दादरचं एक वर्ष माझ्या डोक्यातून जात नाय. विमान ढगात शिरलं की अजून वाटतं, आपल्यात कायतरी कच्चं असणार." त्यानं कप खाली ठेवला आणि माझ्या मुलांच्या चौकशा करायला लागला. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "साखर बरोबर आहे ना?"

हे सगळं मी त्याला आता पत्रानं लिहून कळवलं आहे. त्याचं उत्तर आलं, दोनच ओळींचं. ते त्याचं आहे, इथं देत नाही.

हा लेख छापायला देण्याआधी शेवंतीबाईला वाचून दाखवायचा, असं ठरवून मी गेल्या आठवड्यात नातवाच्या गाडीनं तिच्या घरी गेलो. तिनं एवढी वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट तिला न विचारता उघडी करणं बरं नव्हतं. ती आता पुष्कळ म्हातारी झाली आहे. दिसतं कमी, ऐकू मात्र येतं. मी वाचत होतो आणि ती पडवीत बसून वाल सोलत होती. कार्डाची गोष्ट आली तेव्हा तिचे हात थांबले नाहीत. पत्र्याखालच्या पाच डोक्यांपाशी हसली. विमानाच्या वेळी म्हणाली, "आमच्याकडून बी गेलं ते. सासरा खळ्यात उभा राहून रडला."

वाचून झालं. मी चष्मा काढला. "छापू का?"

"छापा. आता शाळा काय बंद पडत नाय." मग म्हणाली, "पन येक नाय लिवलं तुमी."

"काय?"

"तो परेराकडं गेला, त्या साली आमची लावणी गावात सगळ्यांच्या आदी झाली. भास्कर नव्हता, धनी रविवारचं. आमी सात बायांनी केली, येकमेकींच्या शेतात आळीपाळीनं. त्याच्या आदल्या साली, तुमी कार्ड दाबलंत ना, तवाबी झाली असती तशीच."

मी म्हणालो, "शेवंतीबाई, हे मला कुणी सांगितलंच नाही."

तिनं सोललेले वाल सुपात सारखे केले. "तुमी इचारलंत कवा?"